जाऊ की नको? साथीच्या काळात दुकानदाराने निर्णय कसा घ्यायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या सातारा-सांगली फेरीचा किस्सा सांगितला. पण कॅमेऱ्यासमोर सगळे आकडे मांडता येत नाहीत, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

काही जण म्हणतील, "सर, कोरोना संपला, आता हा विषय कशाला?" बरोबर आहे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनेही कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण धंदा करायचा म्हणजे वीस-तीस वर्षं करायचा. तेवढ्या काळात पूर येईल, एखादी साथ येईल, रस्ता बंद होईल, संप होईल. त्या दिवशी सकाळी शटर उघडायचं की नाही, गाडी काढायची की नाही, हे ठरवणारे तुम्ही एकटेच असणार. तेव्हा डोकं शांत नसतं. म्हणून हा धडा आजच शिकायचा.

आधी माझी चूक

आमचं साताऱ्यात मसाले, हळद आणि सुक्या मेव्याचं दुकान आहे. मार्च-एप्रिल म्हणजे आमचा सीझन. घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला करायची लगबग असते. सांगलीच्या मार्केट यार्डात नवीन हळद आलेली असते आणि तासगावकडचा नवीन बेदाणाही.

२०२१ सालचा गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. दुसरी लाट चढत होती. ५ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात निर्बंध आले होते, शनिवार-रविवार कडक बंद होता. पण किराणा आणि मसाला अत्यावश्यक मालात येत असल्यामुळे आमचं दुकान सुरू होतं आणि माल आणायलाही कुणाची मनाई नव्हती.

बुधवारी, ७ एप्रिलला मी पिकअप काढला. बायको म्हणाली, "फोनवरून होत नाही का हो? ट्रान्सपोर्टने येईल की." अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पाडव्याच्या तोंडावर हळद संपली तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. जाऊन ये पटकन." मला अण्णांचं पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला पोचलो. माल बघितला, भाव केला, जुना हिशोब मिटवला. मग एका बंद एसी ऑफिसात चौघे जण पाऊण तास चहा पीत बसलो. चहा प्यायचा म्हणून मास्क हनुवटीवर. चौघांतला एक जण खोकत होता. "धुळीचा आहे हो," म्हणाला. मीही मान हलवली.

११ तारखेला मला ताप आला. १२ ला टेस्ट पॉझिटिव्ह. दुकान बंद. १५ ला अण्णांना ताप. १९ ला त्यांचा ऑक्सिजन ८९ वर आला. त्या दिवशी बेडसाठी मी सतरा फोन केले. सतराव्या फोनवर बेड मिळाला. अण्णा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते.

अण्णा तेव्हा ६४ वर्षांचे होते, त्यांना शुगर आहे. साठ वर्षांवरच्यांसाठी लस १ मार्चपासून सुरू झाली होती. आम्ही दोनदा पुढे ढकलली. आधी "मार्चएंड होऊ दे", मग "पाडवा होऊ दे", कारण काउंटरला माणूस हवा होता. हे लिहायला मला चार वेळा बॅकस्पेस दाबावं लागलं.

अण्णा वाचले. पूर्वी ते रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचे. आता चार भिंतीपर्यंत जातात आणि तिथूनच परत येतात.

आता हिशोब

त्या फेरीत मी काय कमावलं?

- ५ क्विंटल हळद, किलोमागे ४ रुपये स्वस्त: २,००० रुपये
- २ क्विंटल बेदाणा, किलोमागे ६ रुपये स्वस्त: १,२०० रुपये
- वाचलेलं ट्रान्सपोर्ट भाडं: १,४०० रुपये
- वजा डिझेल आणि टोल: १,९०० रुपये

निव्वळ फायदा २,७०० रुपये.

आणि गेलं काय?

- हॉस्पिटल आणि औषधं: १,६२,००० रुपये
- दुकान १७ दिवस बंद, रोजचे सरासरी १,८०० प्रमाणे: ३०,६०० रुपये

एकूण १,९२,६०० रुपये. म्हणजे तशा एकाहत्तर फेऱ्यांचा फायदा एका फेरीत गेला. पाडव्यासाठी आणलेली हळद पाडव्याला बंद दुकानात पडून होती, ते वेगळंच.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मला लागण सांगलीतच झाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. दुकानातल्या एखाद्या गिऱ्हाइकाकडूनही झाली असेल. मी शंभर वेळा गेलो असतो, तर बहुतेक वेळा काहीच न होता परत आलो असतो. मग चूक कुठे झाली?

चूक निकालात नाही, पद्धतीत झाली. मी हा हिशोब जायच्या आधी केलाच नव्हता. केला असता तर दिसलं असतं की अशा शंभर फेऱ्यांत मी २,७०,००० कमावणार आणि त्यांत फक्त दोनदा जरी असं संकट आलं तरी ३,८५,२०० जाणार. शंभरात दोन. त्या एप्रिलमध्ये बंद खोलीत खोकणाऱ्या माणसाशेजारी पाऊण तास बसायचा धोका शंभरात दोनपेक्षा कमी होता, असं कोण म्हणेल? आणि अण्णांचा दम तर या हिशोबात धरलेलाच नाही.

म्हणून लक्षात ठेवा: निर्णय चांगला की वाईट हे "काही झालं का" यावरून ठरवू नका. "निघताना मी काय विचार केला होता" यावरून ठरवा. नाहीतर चार वेळा नशिबाने वाचलेला माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो.

पहिला नियम: परवानगी म्हणजे गरज नाही

मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा प्लेगच्या वेळचा. त्याच्या आधारावर पुढे दोन वर्षं आदेश येत राहिले: काय उघडं, काय बंद, किती वाजेपर्यंत, कुठल्या जिल्ह्यात जायला ई-पास लागणार. २ सप्टेंबर २०२० ला ई-पास गेला, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आला.

आपण सगळे या आदेशांच्या मागे पळत होतो. रात्री बाराला पीडीएफ यायची आणि आपण एकमेकांना विचारायचो, "उद्या चालू आहे का?" पण सरकारचा आदेश सगळ्या जिल्ह्यासाठी असतो. तुमच्या घरात शुगरचे अण्णा आहेत, हे त्या आदेशाला माहीत नसतं. आदेश पाळायचाच, त्यात चर्चा नाही. पण आदेशाने सूट दिली म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही.

गाडी काढायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर रुपयांत आणि नावांत लिहा:

१. गेलो नाही तर किती रुपयांचं नुकसान? ("खूप नुकसान होईल" हे उत्तर चालणार नाही. आकडा लिहा.)

२. हेच काम न जाता कसं होईल आणि त्याला किती जास्त लागतील?

३. परत आल्यावर मी कुणाच्या शेजारी जेवायला बसणार आहे? (नाव लिहा.)

माझ्या बाबतीत उत्तरं होती: २,७०० रुपये. सँपल कुरिअरने मागवा, माल ट्रान्सपोर्टने, पेमेंट बँकेतून. आणि तिसऱ्याचं उत्तर: अण्णा. हे तीन ओळींत लिहिलं असतं तर मी गेलो नसतो.

दुसरा नियम: आकडा आधी ठरवा

हे मला सांगलीनेच शिकवलं, पण उशिरा.

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाकडे असतं. तिथे कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. बाजारपेठेत पाणी शिरलं, कित्येकांचा माल भिजून गेला.

माझ्या ओळखीच्या एका सांगलीकर दुकानदाराचं नुकसान तुलनेने कमी झालं. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं एवढं पाणी येणार?" ते म्हणाले, "मला कुठलं कळतंय? २००५ च्या पुरानंतर मी एक कागद शटरच्या आतनं चिकटवलाय. ३५ फूट झालं की खालचा रॅक रिकामा. ४० झालं की सगळा माल माडीवर. ४५ झालं की कुलूप आणि घर. त्या दिवशी मी विचार करत बसत नाही, कागद वाचतो."

मित्रांनो, सगळा धडा या कागदात आहे. पाणी चढत असताना माणूस म्हणतो, "अजून एक फूट बघू." समोर गिऱ्हाईक असतं, सीझन असतो, शेजारचं दुकान उघडं असतं. त्या घाईत केलेला विचार नेहमी "जाऊ दे, काही होत नाही" याच बाजूला झुकतो. म्हणून विचार कोरड्या दिवशी करून ठेवायचा.

साथीत पाण्याच्या पातळीऐवजी काय बघायचं? राज्य सरकारने ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची पद्धत आणली होती. तिच्यात दोनच आकडे होते. एक, शंभर टेस्टमध्ये किती पॉझिटिव्ह. दोन, ऑक्सिजनचे किती टक्के बेड भरलेले. पॉझिटिव्ह ५ टक्क्यांच्या आत आणि बेड २५ टक्क्यांच्या आत भरलेले, तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं खुलं. पॉझिटिव्ह २० टक्क्यांवर किंवा बेड ७५ टक्क्यांवर भरलेले, तर पाचवा, सगळ्यात कडक.

सातारा आणि सांगलीवाल्यांना हे चांगलंच आठवत असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळाली, दुकानं रात्री ८ पर्यंत उघडी राहायला लागली. पण ज्या ११ जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम राहिले, त्यांत आपले दोन्ही जिल्हे होते. आपण चिडलो होतो. पण त्यात एक शिकण्यासारखं आहे: मुंबईची लाट ओसरली म्हणजे आपली ओसरली असं नसतं. टीव्हीवरचा आकडा बघून साताऱ्यातलं दुकान चालवू नका. आपल्या पुलाखालचं पाणी बघा.

अण्णा घरी आल्यावर मी माझा कागद केला. तो असा:

हिरवा (जिल्ह्यात पॉझिटिव्ह ५ टक्क्यांच्या आत): नेहमीसारखी खरेदी, गर्दीत मास्क.

पिवळा (५ ते १०): महिन्यात एकच फेरी, सगळी कामं एकत्र करून. स्वतःची गाडी, काचा उघड्या. बोलणं यार्डात, मोकळ्यावर. बंद ऑफिसात बसायचं नाही, चहा नाही. परतल्यावर पाच दिवस अण्णांपासून वेगळं जेवण.

लाल (१० च्या वर, किंवा बेड मिळत नाहीत असं दोन ओळखीच्यांनी सांगितलं): फेरी बंद. फोन, ट्रान्सपोर्ट, ऑनलाइन पेमेंट. गिऱ्हाइकाला दारातच माल.

तुमचे आकडे वेगळे असतील. घरात म्हातारं माणूस नसेल तर थोडे सैल, बाळंतीण असेल तर आणखी कडक. आकडा कुठला हे तुम्ही ठरवा, पण आधी ठरवा.

तिसरा नियम: काम ठेवा, रूप बदला

बरेच जण समजतात की पर्याय दोनच: जायचं किंवा नाही जायचं. तसं नसतं.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घ्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. पण वारी चुकली का? नाही. आषाढी एकादशी १ जुलैला होती, ३० जूनला पादुका मोजक्या माणसांबरोबर एसटीने पंढरपूरला गेल्या. शतकांची परंपरा असलेल्या वारीने मूळ काम काय आणि नेहमीची पद्धत काय, हे वेगळं केलं. मग आपली हळदीची खरेदी कोण लागून गेली?

तुमच्या प्रत्येक कामाला विचारा: यातलं मूळ काम काय? माझं मूळ काम होतं चांगली हळद मिळवणं. समोर बसून चहा पिणं ही सवय होती. सवयीला साथीत सुट्टी देता येते.

दुकानातही तेच. २०२० मध्ये आपण नोटांना इस्त्री करत होतो, पिशव्यांवर सॅनिटायझर मारत होतो. पुढे कळलं की मोठा धोका बंद जागेतल्या हवेचा आहे. म्हणून पैसे खर्च करायचेच तर आधी मागची खिडकी उघडा, एक्झॉस्ट पंखा लावा, काउंटर दाराशी आणा. आमचा पंखा २,२०० रुपयांत बसला. आता मिरचीचा ठसकाही कमी झालाय.

चौथा नियम: आजार लपवायची वेळ कुणावर आणू नका

ही माझी दुसरी चूक, आणि हिच्याबद्दल मी व्हिडिओत बोललो नाही.

माझ्या दुकानातल्या पोराला माझ्याआधी दोन दिवस कणकण होती. त्याने सांगितलं नाही. गोळी घेऊन काउंटरला उभा राहिला. नंतर मी रागावलो तर खाली बघून म्हणाला, "दादा, गेल्या वर्षी सुट्टीचे पैसे कापले होते ना." खरं होतं. २०२० मध्ये मी त्याचे सहा दिवसांचे पैसे कापले होते. म्हणजे कदाचित आजार सांगलीहून आलाच नाही. कदाचित तो माझ्याच काउंटरवर होता, आणि तिथे मीच त्याला बोलावलं होतं.

आता आमच्याकडे नियम आहे: ताप आला की फोन करायचा, तीन दिवस पगारी सुट्टी, प्रश्न विचारायचे नाहीत. वर्षाला याचे मला चार-पाच हजार लागतात. दुकान १७ दिवस बंद ठेवण्यापेक्षा हे फार स्वस्त आहे.

इस्लामपूर आठवा. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात तिथे सौदी अरेबियातून परतलेले एकाच कुटुंबातले चार जण पॉझिटिव्ह निघाले. काही दिवसांत नातेवाईक आणि जवळचे धरून आकडा पंचवीसच्या घरात गेला. सगळा महाराष्ट्र सांगलीकडे बघायला लागला. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक बरे झाले आणि साखळी तुटली. कशामुळे? परिसर बंद केला, घरोघर तपासणी केली, कोण कुणाला भेटलं याच्या याद्या केल्या, आणि त्या माणसांना वेगळं ठेवलं. यादी तेव्हाच होते, जेव्हा माणूस खरं सांगतो. त्या काळात बाधित घरांकडे बोट दाखवणारे मेसेज सगळीकडे फिरत होते. बोट दाखवलं की पुढचा माणूस लपवतो. पगार कापला की नोकर लपवतो. गोष्ट एकच आहे.

म्हणून तुमच्या घरात आजार आला तर त्याच दिवशी गेल्या चार-पाच दिवसांत भेटलेल्यांना फोन करा. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते. मी सव्वीस जणांना फोन केले. दोघे चिडले. बाकीचे आजही आमच्याकडूनच हळद नेतात.

पाचवा नियम: "दार बंद" फंड

वरचे चारही नियम पाळायला एक गोष्ट लागते: नाही म्हणायची ताकद. खिशात पैसे नसतील तर माणूस लाल आकड्यातही गाडी काढतो, त्याला दोष देता येत नाही.

दुकान भाडं, वीजबिल, पगार, हप्ता आणि घरखर्च, याची बेरीज करा. त्याच्या दीडपट रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. एकदम जमणार नाही. रोजच्या गल्ल्यातून १०० रुपये बाजूला काढा, वर्षाला ३६,००० होतात. या खात्यातून माल घ्यायचा नाही, उधारी द्यायची नाही, भाच्याच्या लग्नात आहेर करायचा नाही. हे पैसे फक्त दार बंद ठेवायच्या दिवसांचे.

गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातली दर महिन्याची एक फेरी निवडा. वरचे तीन प्रश्न लिहा. पहिल्याचं उत्तर रुपयांत, तिसऱ्याचं नावाने.

२. हिरवा-पिवळा-लाल कागद करा. प्रत्येक रंगापुढे आकडा आणि कृती. घरच्यांना वाचून दाखवा, विशेषतः ज्याचं नाव तिसऱ्या प्रश्नात आलंय त्याला. मग शटरच्या आतून चिकटवा.

३. नोकर असेल तर आजारपणाच्या सुट्टीचा नियम आजच सांगा. आजारी पडल्यावर नको.

४. घरातल्या ज्येष्ठांची पुढे ढकललेली लस, तपासणी किंवा डॉक्टरची भेट या आठवड्यात उरका. सीझन संपल्यावर नाही, या आठवड्यात.

आमच्या शटरवरचा कागद आता जरा पिवळा पडलाय, कडेला हळदीचे डाग आहेत. परवा सांगलीहून फोन आला, "नवीन माल आलाय, या बघायला." मी कागदाकडे बघितलं. हिरवा होता. मग गाडी काढली. यावेळी अण्णाही बरोबर आले, आणि चहा आम्ही यार्डात, बाहेर पोत्यांवर बसून घेतला.

पुढच्या व्हिडिओत उधारी वसुलीबद्दल बोलू. तोपर्यंत कागद करून ठेवा.